रोस्का दे रेयेस : तीन राजांच्या सणाचा मेक्सिकन गोड पाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रोस्का दे रेयेस म्हणजे काय आणि तो केव्हा खातात?

नाताळानंतर बाराव्या दिवशी, म्हणजे ६ जानेवारीला, ख्रिस्ती लोक तीन राजांचा सण पाळतात. ताऱ्याचा माग काढत पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचे दर्शन घेतले, त्या प्रसंगाची ही आठवण आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ही कथा आहे. तेथे या पुरुषांची संख्या दिलेली नाही; सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटींचा उल्लेख असल्यामुळे ते तिघे होते असे पुढे मानले गेले आणि मेल्चोर, गास्पार, बाल्तासार ही नावेही परंपरेने नंतर दिली. मेक्सिकोत मुलांच्या भेटवस्तू पूर्वापार नाताळात नव्हे, तर याच सणाला येतात. मुले राजांना पत्र लिहितात, कधी ते फुग्याला बांधून आकाशात सोडतात, आणि आदल्या रात्री आपले बूट मांडून ठेवतात. तिथल्या चित्रांत आणि देखाव्यांत राजांपैकी एक घोड्यावर, एक उंटावर, तर एक चक्क हत्तीवर बसलेला असतो.

या सणाचा पाव म्हणजे रोस्का दे रेयेस. दूध, अंडी, लोणी आणि संत्र्याची साल घातलेल्या मऊ पिठाचे हे मोठे लंबगोल कडे असते. त्यावर साखरेत मुरवलेल्या फळांच्या पट्ट्या आणि गोड पिठाच्या पांढऱ्या पट्ट्या आलटून पालटून लावतात आणि पोटात एक लहानसे बाळ दडवतात. ५ जानेवारीच्या रात्री किंवा ६ तारखेला तो घरी कापला जातो, आणि त्या आठवड्यात कचेऱ्यांत व शाळांतही कापला जातो. मेक्सिको शहरातील सोकालो या मुख्य चौकात शहराच्या वतीने अवाढव्य रोस्का मांडून तो अनेक वर्षे लोकांना वाटलाही गेला.

पावात बाळ का दडवतात, आणि ते ज्याला मिळते त्याने काय करायचे?

पावात किंवा केकमध्ये काहीतरी लपवण्याची चाल युरोपात जुनी आहे. तेथे वाळलेली बाकला शेंगेची बी लपवत आणि ज्याच्या वाट्याला ती येई तो त्या दिवसापुरता राजा ठरे. ही चाल स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत पोहोचली. पुढे बीच्या जागी चिनी मातीची छोटी बाहुली आली आणि आता बहुतेक ठिकाणी पांढऱ्या प्लास्टिकचे, बोटाच्या एका पेराएवढे बाळ असते. हे बाळ म्हणजे येशू. हेरोद राजाने लहान मुलांना मारण्याचा हुकूम काढला तेव्हा त्याला लपवून वाचवले, म्हणून ते पावात लपलेले असते, असा त्याचा भाविक अर्थ सांगतात.

मेक्सिकोने या चालीत जी भर घातली ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. तेथे बाळ सापडणारा मनुष्य राजा होत नाही, यजमान होतो. २ फेब्रुवारीला, म्हणजे नाताळचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी, कांदेलारियाचा सण येतो. त्या दिवशी घरातील बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे घालून ती आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. बाळ सापडलेल्याने त्या दिवशी सर्वांना तामालेस खाऊ घालायचे असतात. मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला हा पदार्थ आतोले नावाच्या मक्याच्या दाटसर गरम पेयाबरोबर खातात. मोठ्या रोस्कात एकाहून अधिक बाळे असतात, त्यामुळे हा खर्च वाटला जातो.

एक नियम मात्र कसोशीने पाळतात : प्रत्येकाने आपला तुकडा स्वतः कापायचा. सुरी मध्येच अडली की टेबलाभोवती एकच गलका होतो. खर्च टाळण्यासाठी बाळ गालात दडवणारे किंवा हळूच पुन्हा पावात ढकलणारे लोक प्रत्येक कुटुंबात असतात असे म्हणतात, आणि ती गंमत सणाचाच भाग समजली जाते.

साहित्य काय आणि किती घ्यावे?

एका मोठ्या किंवा दोन लहान रोस्कांसाठी ५०० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम साखर, १२० मिलिलिटर दूध, ४ अंडी, १३० ग्रॅम बिनमिठाचे मऊ लोणी, ९ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ आणि एका मोठ्या संत्र्याची किसलेली साल लागते. साल किसताना फक्त वरचा नारिंगी थर घ्यावा, कारण खालचा पांढरा थर कडवट असतो. नारिंगीच्या फुलांचे पाणी मिळाले तर एक मोठा चमचा घालावे. ते न मिळाल्यास साल थोडी वाढवावी आणि व्हॅनिलाचे काही थेंब घालावेत. त्याऐवजी गुलाबपाणी किंवा केवडा वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचा वास संत्र्याला झाकून टाकतो आणि पाव मिठाईसारखा लागतो.

वरच्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी ७५ ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम पिठीसाखर आणि ७५ ग्रॅम मैदा एकत्र मळून मऊ गोळा करावा. शिवाय सजावटीची फळे आणि वरून भुरभुरण्यासाठी थोडी साखर हवी. वजनकाटा वापरावा ही आग्रहाची विनंती आहे. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावरून बराच फरक पडतो आणि अशा पिठात तो लगेच दिसतो.

पीठ कसे मळावे? ते फार चिकट होते, तेव्हा वरून मैदा घालावा का?

घालू नये. घरी केलेला रोस्का दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. या पिठात अंडी आणि लोणी भरपूर असल्यामुळे ते पहिली दहा मिनिटे हाताला लडबडणारच. मळत गेल्यावर ते आपोआप सुटे होते.

सुरुवात आंबवणाने, म्हणजे आधी फसफसवून घेतलेल्या थोड्या सैल पिठाने करावी. साखर जास्त असली की ती पाणी धरून ठेवते आणि यीस्टचे काम मंदावते, म्हणून मेक्सिकोतील अनेक पाववाले आधी थोड्या मैद्याचे सैल आंबवण करून घेतात. १२० मिलिलिटर दूध बोट सहज बुडवता येईल इतपत कोमट करून त्यात यीस्ट, चमचाभर साखर आणि एकूण मैद्यातील १०० ग्रॅम मैदा कालवावा व भांडे झाकून अर्धा तास ठेवावे. मिश्रण फसफसून वर आले नाही तर यीस्ट जुने झाले आहे असे समजावे आणि पुढचे साहित्य वाया घालवू नये.

मग उरलेला मैदा, साखर, मीठ, संत्र्याची साल आणि तीन अंडी घालून मळायला लागावे. चौथे अंडे फेटून बाजूला ठेवावे आणि पीठ मागेल तसे थोडे थोडे घालावे, कारण आपल्याकडच्या मैद्याची पाणी धरण्याची ताकद पोत्यागणिक बदलते. उरलेले अंडे शेवटी पावावर लावता येते. यंत्राने आठ मिनिटे किंवा हाताने पंधरा मिनिटे मळल्यावर पिठाला ताण येतो. लोणी त्यानंतरच, एका वेळी सुपारीएवढे घालावे. ते आधी घातले तर मैद्यातील प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतण्याआधीच तुपकट होतात आणि पाव केकसारखा भुसभुशीत होतो. सगळे लोणी जिरल्यावर पुन्हा आठ-दहा मिनिटे मळावे. हाताने करणाऱ्यांनी पीठ ओट्यावर आपटून, लांबवून, स्वतःवर दुमडावे. पिठाचा लहान गोळा दोन्ही हातांनी ताणला असता फाटण्याआधी पापुद्र्यासारखा पातळ झाला आणि त्यातून बोटांची सावली दिसली, की मळणे पूर्ण झाले.

पीठ किती वेळ फुगू द्यावे?

घड्याळापेक्षा आकारमान पाहावे. २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात दुप्पट व्हायला दीड ते दोन तास लागतात. जानेवारीत पुण्यात किंवा नागपुरात करणाऱ्यांना तीन तासही लागू शकतात. अशा वेळी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून, शेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवल्यास पुरेशी ऊब मिळते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत अडचण उलटी असते : ३० अंशांच्या वर लोणी पिठातून सुटू लागते आणि गोळ्याला तेलकट चकाकी येते. तेथे अंडी फ्रिजमधून काढून थंडच घालावीत आणि मळून झालेले पीठ वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे.

वेळ असेल तर पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्यावे, असे माझे मत आहे. गारव्यात यीस्ट सावकाश काम करते, चव खुलते आणि घट्ट झालेल्या लोण्यामुळे सकाळी पीठ वळणे फार सोपे जाते.

मेक्सिकोतील पाककृतीत दिलेल्या वेळा आपल्याकडे का जुळत नाहीत?

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पिठातील वायू अधिक प्रसरण पावतो, पीठ लवकर फुगते आणि ओलावाही लवकर उडतो. साहजिकच तिथले लोक फुगवण्याची वेळ कमी आणि द्रव किंचित जास्त ठेवतात. अमेरिकेत लिहिलेल्या पाककृतींत बहुधा अधिक प्रथिनांचा मैदा धरलेला असतो आणि तो जास्त दूध पितो. म्हणून परकी पाककृती वापरताना प्रमाण बघावे, पण मिनिटांवर विसंबू नये.

कडे कसे वळावे? भाजताना मधले भोक बुजते.

फुगलेला गोळा हलक्या हाताने दाबून त्यातील हवा काढावी आणि सुमारे २५ सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर लांब चपटा आयत करावा. तो लांब बाजूने घट्ट गुंडाळून सांधा चिमटावा आणि गुंडाळी हळूहळू ७० सेंटिमीटरपर्यंत लांबवावी. पीठ मागे आखडू लागले तर ओढाताण न करता ते दहा मिनिटे झाकून ठेवावे. नंतर एक टोक चपटे करून दुसरे त्यात गुंडाळावे आणि सांधा खाली येईल असे लंबगोल कडे ट्रेवर मांडावे.

भोक बुजते, कारण पीठ दोनदा फुगते : एकदा ट्रेवर आणि एकदा ओव्हनमध्ये. म्हणून कडे मांडताना मधली जागा अतिशयोक्ती वाटेल इतकी मोठी, किमान १२ सेंटिमीटर ठेवावी आणि तिथे बाहेरून तूप लावलेली स्टीलची वाटी पालथी घालावी. घरगुती ओटीजीच्या ट्रेमध्ये एवढे मोठे कडे मावत नाही, तेव्हा सरळ दोन लहान रोस्के करावेत.

वरची सजावट कोणती? आसित्रोन कुठे मिळेल?

आसित्रोन शोधू नये, आणि कोणी देऊ केले तरी घेऊ नये. हा बिस्नागा नावाच्या पिंपासारख्या जाड निवडुंगाचा गर साखरेच्या पाकात मुरवून केलेला पदार्थ पूर्वी रोस्कावर हमखास असे. पण हा निवडुंग मोठा व्हायला कित्येक दशके जातात आणि गर काढण्यासाठी अख्खे झाड तोडावे लागते. मागणीमुळे वाळवंटातील त्याची संख्या घटल्यावर मेक्सिकोने त्याला संरक्षित वनस्पतींच्या यादीत घातले. रानातून आणलेल्या बिस्नागाचा आणि त्याच्या आसित्रोनचा व्यापार आता बेकायदेशीर आहे. आज तिथल्या बेकऱ्या त्याजागी आते वापरतात. क्विन्स किंवा पेरूचा गर साखरेबरोबर आटवून थापलेली ही वडी लाल, पिवळी आणि हिरवी रंगवून पट्ट्यांत कापतात. त्याशिवाय अंजीर, संत्र्याच्या चकत्या आणि चेरी असतात.

आपल्याकडे याला दोन उत्तम पर्याय आहेत. पोत जवळजवळ आसित्रोनसारखाच हवा असेल तर कोहळ्याचा कोरडा पेठा पातळ कापून लावावा. आतेच्या जागी गोव्याचे पेराद घ्यावे. पेरू आणि साखर आटवून केलेली ही वडी पोर्तुगीज वारशातून आली आहे आणि मेक्सिकोतील पेरूच्या आतेची ती सख्खी चुलत बहीण शोभते. टुटी-फ्रुटी सहज मिळते खरी, पण तिचे बारीक तुकडे भाजताना करपतात आणि कड्याच्या रंगीत पट्ट्या नुसत्या ठिपक्यांत हरवतात.

भाजण्याची रीत काय?

कडे झाकून ४५ ते ७५ मिनिटे दुसऱ्यांदा फुगू द्यावे. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला तर ते तयार आहे. झटकन भरला तर अजून थांबावे. येथे घाई झाली की पाव बाजूने फाटतो आणि वरच्या पट्ट्या वाकड्या होतात. मग फेटलेले अंडे कुंचल्याने लावावे, गोड पिठाचा गोळा लाटून त्याच्या दोन बोटे रुंद पट्ट्या आडव्या मांडाव्यात, त्यांच्यामध्ये फळे हलकेच दाबून बसवावीत आणि साखर भुरभुरावी. फळे अंड्याच्या आधी लावली तर ती गळून पडतात.

ओव्हन १८० अंशांवर तापवून मोठा रोस्का २५ ते ३० मिनिटे, लहान १८ ते २२ मिनिटे भाजावा. ओटीजीची वरची कांडी जवळ असते, म्हणून १७० अंश पुरेत. साखर आणि अंड्यामुळे रंग लवकर चढतो. पंधरा मिनिटांनी वरचा भाग गडद दिसला तर त्यावर फॉइल सैलसर पांघरावा, पण पाव बाहेर काढू नये. आतील तापमान ८८ ते ९० अंश झाले की तो शिजला. थर्मामीटर नसेल तर सांध्याजवळ सुई खुपसावी, कारण सर्वांत जाड आणि म्हणून कच्चा राहणारा भाग तोच असतो.

प्लास्टिकचे बाळ पिठात घालून भाजायचे का?

नाही. पाव पूर्ण गार झाल्यावर खालच्या बाजूने सुरीने चीर पाडून बाळ आत सरकवावे. ते आधी धुऊन घ्यावे आणि ते अन्नात वापरण्याजोगे असल्याची खात्री करावी. बाळ न मिळाल्यास सोललेला अख्खा बदाम किंवा जुन्या युरोपीय चालीप्रमाणे वालाचा मोठा दाणा चालतो. पावात काहीतरी आहे हे सर्वांना आधी सांगावे. पाच वर्षांखालील मुलांचा तुकडा मोठ्यांनी कुस्करून तपासल्याशिवाय देऊ नये, कारण एवढी वस्तू घशात अडकू शकते.

अंड्याशिवाय रोस्का होतो का?

होतो, पण तो वेगळा पाव आहे हे मान्य करून करावा. चार अंड्यांऐवजी १०० मिलिलिटर अधिक दूध, ६० ग्रॅम घट्ट दही आणि दोन चमचे दूध पावडर घ्यावी. वरून अंड्याऐवजी दूध लावावे. पाव मऊ आणि चांगला होतो, मात्र अंड्याचा पिवळसर रंग, भरीव चव आणि वरची चकाकी येत नाही.

स्पेनच्या आणि इतर देशांच्या पावांपेक्षा हा वेगळा कसा?

स्पेनचा रोस्कोन बहुधा गोल असतो, आडवा कापून त्यात क्रीम भरण्याची पद्धत तेथे फार लोकप्रिय आहे आणि त्यावर मेक्सिकोसारख्या गोड पिठाच्या पट्ट्या नसतात. पोर्तुगालच्या बोलो रेईत सुकामेवा पिठातच मिसळतात. फ्रान्समध्ये काही भागांत पापुद्र्यांच्या पिठात बदामाचे सारण भरतात. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचा केक ६ जानेवारीपासून थेट मार्डी ग्रापर्यंत, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारपर्यंत खातात. मेक्सिकोतही आता क्रीम, चॉकलेट आणि काहेता, म्हणजे शेळीच्या दुधाची आटवलेली गोडी, भरलेले रोस्के विकले जातात. मला ते आवडत नाहीत. सारण भरलेला तुकडा कापताना बाळ घरंगळून बाहेर येते आणि सगळी उत्कंठाच संपते.

गोव्यात हा पाव करतात का?

सण होतो, पण हा पाव तिथल्या परंपरेत नाही. बार्देशातील वेरें येथील रेईस मागोस चर्च १५५५ मध्ये उभारलेले असून ते याच तीन राजांना वाहिलेले आहे. ६ जानेवारीला तेथे तीन मुले राजांचा वेष करून मिरवणुकीने येतात. सासष्टीत चांदर येथेही असाच सण भरतो.

याबरोबर काय प्यावे?

मेक्सिकोत गरम चॉकलेट. दालचिनी घातलेल्या खरबरीत चॉकलेटच्या वड्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून, लाकडी रवीने दोन्ही तळव्यांत घुसळून फेस आणतात. आपली ताकाची लहान रवी या कामाला उत्तम चालते. वड्या न मिळाल्यास ७० टक्के कोकोचे चॉकलेट, साखर आणि दालचिनीचा तुकडा घ्यावा. कडक, बिनमसाल्याचा चहाही जमतो.

उरलेला रोस्का किती दिवस टिकतो?

पहिल्या दिवशी तो सर्वांत चांगला लागतो, दुसऱ्या दिवशीही बरा असतो. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण तिथे पाव अधिक लवकर शिळा होतो. कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत, महिनाभर टिकतात. ते मंद तव्यावर झाकण ठेवून गरम करावेत, मात्र वरच्या फळांच्या पट्ट्या आधी काढून घ्याव्यात, नाहीतर त्यांचा पाक तव्याला चिकटून जळतो. कोरडे पडलेले काप अंडे आणि दुधात बुडवून लोण्यावर परतले तर न्याहारीला छान होतात. वाटताना उरलेल्या कापांतही बाळ निघाले नाही, तर शेवटचा काप खाणाऱ्याने ते आधीच मिळाले असेल का, हे सर्वांना एकदा विचारून घ्यावे.